वाचकांचे प्रश्न : कलर लेझर प्रिंटरच्या आत कोण कोणासाठी थांबते?

या वेळी कलर लेझर प्रिंटरवरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. ते वरवर वेगळे दिसतात. कोणाचे रंग सरकतात, कोणाचा टोनर खरवडून निघतो, कोणाला दोन दुरुस्तीवाले दोन वेगळे बोर्ड बदलायला सांगतात. पण सगळ्यांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते. प्रिंटरच्या आत दोन स्वतंत्र यंत्रणा असतात आणि बिघाड त्यांच्या सीमेच्या कोणत्या बाजूला आहे, हे आधी ठरवावे लागते.

प्रश्न : आमच्या केंद्रातला कलर लेझर प्रिंटर बंद पडला. एक दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅटर गेला, दुसरा म्हणतो डीसी कंट्रोलर गेला. दोन्ही बोर्डांच्या किमती ऐकून धडकी भरली. हे दोन बोर्ड नेमके करतात काय आणि एकमेकांशी बोलतात कसे?
– संगणक केंद्रचालक, बार्शी

उत्तर : आधी नावांचा गोंधळ मिटवू. फॉरमॅटर आणि डीसी कंट्रोलर ही एचपीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली नावे. इतर कंपन्या पहिल्याला कंट्रोलर किंवा मेन बोर्ड म्हणतात आणि दुसऱ्याला इंजिन बोर्ड. आपण कंट्रोलर आणि इंजिन हे दोनच शब्द धरू.

कंट्रोलरचे काम मजकुराचे. नेटवर्कवरून किंवा यूएसबीवरून आलेली फाइल, मग ती पोस्टस्क्रिप्ट असो की पीसीएल (पानाचे वर्णन करणाऱ्या दोन भाषा), तो उलगडतो. पिवळा, मॅजेंटा, सायन आणि काळा असे तिचे चार थर करतो आणि प्रत्येक थराचे ठिपके मांडून ठेवतो. पॅनेलवरचा मेनू आणि नेटवर्कचा पत्ताही त्याच्याच ताब्यात. इंजिनाला यातले काहीच कळत नाही. मोटारी फिरवणे, फ्युजर म्हणजे टोनर वितळवून कागदावर बसवणारे रोलर तापवणे, ड्रमवर म्हणजे लेझर ज्यावर चित्र काढतो त्या फिरत्या नळकांड्यावर शेकडो व्होल्टचा भार चढवणे, कागद उचलणे आणि दार नीट लागले आहे का ते पाहणे, ही त्याची कामे.

ही वाटणी लेझर प्रिंटरइतकीच जुनी आहे. १९८४चा एचपी लेझरजेट आणि १९८५चा ॲपल लेझररायटर या दोन्हींत कॅननचे एकच सीएक्स इंजिन होते, ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) आणि मिनिटाला ८ पानांचे. फरक होता तो कंट्रोलरचा. आजही एचपीच्या कित्येक लेझर प्रिंटरांत इंजिन कॅननचे आणि कंट्रोलर एचपीचा असतो. डिजिटल प्रेसवाल्यांकडचा फायरी तर चक्क वेगळ्या डब्यात बसलेला कंट्रोलरच आहे. ईएफआय या कंपनीने पहिला फायरी १९९१ मध्ये कॅननच्या कलर कॉपियरला जोडला होता.

दोन्ही बोर्डांमध्ये दोन प्रकारच्या तारा असतात. एका गटावरून बोलणे चालते आणि दुसऱ्यावरून ठिपके जातात. बोलणे अगदी तुटक असते. सीएक्सच्या घराण्यात कंट्रोलर ८ बिटांचा एक शब्द पाठवतो, त्यातला एक बिट चूक पकडण्यासाठी राखलेला. इंजिन त्याला तशाच एका शब्दाने उत्तर देते. ‘ट्रेमध्ये कोणत्या मापाचा कागद आहे?’, ‘दार उघडे आहे का?’, ‘फ्युजर तापला का?’ असे हे संभाषण. नव्या यंत्रांत शब्द मोठे झाले, तारा बदलल्या, पण रीत तीच राहिली. विचारतो कंट्रोलर आणि सांगते इंजिन.

एक पान छापताना घडते ते असे. इंजिन ‘रेडी’ची तार ओढून धरते, म्हणजे आपण तयार असल्याचे कळवते. कंट्रोलर ‘प्रिंट’ सांगतो. मग इंजिन मोटारी सुरू करते, लेझरचा पॉलिगॉन म्हणजे अनेक बाजूंचा फिरता आरसा ठरलेल्या वेगाला आणते आणि फ्युजरचे तापमान बघते. सगळे जुळले की ते पानाच्या माथ्याचा इशारा मागते. कंट्रोलरने तो इशारा दिला की पानावरच्या ठिपक्यांची पहिली ओळ कुठे पडणार हे पक्के होते. बऱ्याच नव्या इंजिनांत हा इशारा इंजिनच देते. इथपर्यंत थांबायला दोघांनाही मुभा असते. यापुढे नसते.

कारण आता प्रत्येक ओळीला इंजिन एक ठोका देते, त्याला बीम डिटेक्ट म्हणतात. फिरत्या आरशावरून येणारा लेझरचा किरण ड्रमवर पोचण्याच्या जरा आधी कडेच्या एका छोट्या सेन्सरवरून जातो. किरण तिथे लागला की ठोका पडतो आणि त्या क्षणापासून ठरलेले अंतर मोजून कंट्रोलरने त्या ओळीचे ठिपके सोडायचे असतात. मिनिटाला २० पाने काढणारे, ६०० डीपीआयचे यंत्र उदाहरणादाखल घ्या. दोन पानांमध्ये ५० मिलिमीटरची फट धरली तर बेल्टचा, म्हणजे चारही रंग एकावर एक झेलणाऱ्या पट्ट्याचा, वेग सेकंदाला साधारण ११५ मिलिमीटर येतो. म्हणजे सेकंदाला २,७१७ ओळी. आरसा सहा बाजूंचा आणि किरण एकच असेल तर तो मिनिटाला २७,००० वेळा फिरतो. प्रत्येक ओळीला ०.३७ मिलिसेकंद मिळतात आणि त्यातही किरण कागदाच्या रुंदीवर असतो तो काही भागच. ए-४च्या एका ओळीत ४,९६० ठिपके बसतात. तेवढ्या वेळात ते गेले नाहीत तर ती ओळ गेलीच. इंजिन मागे फिरून ती पुन्हा काढत नाही.

तुमच्या दोन दुरुस्तीवाल्यांपैकी कोण बरोबर, हे कसे ठरवायचे ते पुढे भिवंडीच्या प्रश्नात सविस्तर आहे. तोवर एकही बोर्ड विकत घेऊ नका.

प्रश्न : एका ग्राहकाची फोटोंनी भरलेली पीडीएफ फाइल अर्धीच छापली जाते आणि ‘पेज टू कॉम्प्लेक्स’ असा संदेश येतो. साधी पत्रे त्याच प्रिंटरवर झटपट निघतात. प्रिंटर थोडा थांबून पुढचे का छापत नाही?
– डीटीपी व्यावसायिक, कराड

उत्तर : इंकजेट थांबू शकतो. त्याचे डोके एक फेरी मारून उभे राहते आणि पुढचा मजकूर आला की पुन्हा चालू लागते. लेझरमध्ये ड्रम, बेल्ट, कागद आणि फ्युजर एकाच लयीत चालतात. मध्येच थांबलेला कागद फ्युजरमध्ये करपेल आणि ड्रमवरचे चित्र विस्कटेल. म्हणून कंट्रोलर मागे पडला तर इंजिन पान अर्धवट सोडून देते. जुन्या लेझरजेटांवर हाच प्रकार ‘२१’ क्रमांकाने दिसायचा.

हिशेब करून बघा. ६०० डीपीआयला ए-४चे एक पान ४,९६० गुणिले ७,०१६, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४८ लाख ठिपक्यांचे. ठिपका आहे की नाही एवढेच लिहून ठेवायचे तरी एका रंगाला ४.३५ एमबी आणि चार रंगांना १७.४ एमबी लागतात. ठिपका लहानमोठा करायची सोय हवी म्हणून ठिपक्यामागे २ बिट धरले की ही मागणी दुप्पट होते.

पहिल्या लेझरजेटमध्ये मेमरी होती १२८ केबी. ३०० डीपीआयच्या एका पूर्ण पानाला १ एमबीच्या वर लागते. मजकूर छापताना भागायचे, कारण अक्षरांचे आकार आधीच साठवलेले असत आणि ओळ येईल तसे ठिपके मांडता येत. पानभर चित्र मात्र त्या दर्जाने निघत नसे. लेझररायटरमध्ये १.५ एमबी मेमरी होती, त्यामुळे पूर्ण पान आधी मेमरीत रंगवून मगच इंजिनाला हाक मारता यायची. आजचे कंट्रोलर सहसा हाच मार्ग धरतात. पान पूर्ण उलगडायचे, दाबून लहान करायचे आणि मग ‘प्रिंट’ म्हणायचे. तरीही पारदर्शक थर, सावल्या आणि शेकडो छोटे फोटो एकावर एक असले की दाबलेले पानही मेमरीत मावत नाही किंवा वेळेत उलगडत नाही.

तुम्हाला करता येण्यासारखे पुष्कळ आहे. पीडीएफ छापताना ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडा, म्हणजे थरांची उलगड तुमचा संगणक करील आणि प्रिंटरला सपाट चित्र मिळेल. पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरने अडत असेल तर पीसीएल ६ चा वापरून बघा, किंवा उलट. फोटो ३०० डीपीआयच्या वर ठेवून लेझरवर फरक दिसत नाही, ते कमी करा. जुन्या यंत्रात ‘पेज प्रोटेक्ट’ असेल तर ते चालू करा. मग पूर्ण पानाची जागा आधी राखली जाते आणि पान तयार झाल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. मेमरीची खाच रिकामी असेल तर शेवटी तो खर्च करा.

प्रश्न : दुकान हलवल्यापासून लाल अक्षरांच्या कडेला पिवळी रेघ दिसते आणि बारीक पांढरी अक्षरे रंगीत पट्ट्यावर भरून जातात. कार्ट्रिज बदलून झाले, फरक नाही.
– झेरॉक्स व लॅमिनेशन सेंटर, सावंतवाडी

उत्तर : कार्ट्रिजचा दोष असता तर डाग किंवा रेघा दिसल्या असत्या. तुमच्याकडे रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत, याला कलर रजिस्ट्रेशन सुटणे म्हणतात. प्रिंटर उचलताना तिरपा झाला, आदळला किंवा आता असमान पायांच्या टेबलावर आहे, या तिन्हींनी हे होते. आधी टेबल सपाट करा.

हा भाग जरा खोलात जाऊन सांगतो, कारण या छपाईतले खरे कौशल्य इथेच आहे. चार ड्रम एका रांगेत असतात आणि खालून किंवा वरून बेल्ट सरकत असतो. पिवळ्याचे चित्र बेल्टवर आधी पडते, मग तोच भाग मॅजेंटाखाली, सायनखाली आणि शेवटी काळ्याखाली येतो. दोन ड्रमांत ७५ मिलिमीटर अंतर आहे असे समजा. ११५ मिलिमीटरच्या वेगाने तेवढे अंतर कापायला ०.६५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात १,७७२ ओळी निघून जातात. म्हणजे मॅजेंटाची पहिली ओळ पिवळ्यानंतर १,७७२ ओळींनी सोडायची, सायनची ३,५४४ ओळींनी आणि काळ्याची ५,३१६ ओळींनी. पान २९७ मिलिमीटरचे आणि पहिल्यापासून शेवटचा ड्रम २२५ मिलिमीटरवर, म्हणून मधले ७२ मिलिमीटर चारही लेझर एकाच वेळी लिहीत असतात आणि कंट्रोलर चार वाहिन्यांवर एकाच पानाच्या चार वेगवेगळ्या जागा पुरवत असतो. त्याहून नवल म्हणजे पहिल्या पानाचा काळा रंग संपायला साडेचार सेकंद लागतात, पण दुसऱ्या पानाचा पिवळा तिसऱ्या सेकंदालाच सुरू होतो. दीड सेकंद दोन पाने एकाच वेळी चालू असतात.

आता चूक किती छोटी पुरते ते पाहा. ६०० डीपीआयचा एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा. बेल्ट फिरवणारा रोलर तापून बेल्टचा वेग नुसता ०.१ टक्का बदलला, तर पिवळ्यापासून काळ्यापर्यंतच्या २२५ मिलिमीटरमध्ये ०.२२५ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे पाच ठिपके. तुमच्या अक्षरांच्या कडेला दिसते ती रेघ अशीच असते. म्हणूनच प्रिंटर सुरू होताना आणि बरीच पाने छापून झाल्यावर मधूनच स्वतःशी काहीतरी करत बसतो. त्या वेळी तो बंद करू नका.

तेव्हा इंजिन बेल्टवर चारही रंगांच्या छोट्या तिरप्या खुणा उमटवते. बेल्टजवळचा सेन्सर त्या वाचतो आणि प्रत्येक रंग किती ओळींनी पुढेमागे पडला, किती बाजूला सरकला, किती तिरपा आला ते मोजतो. ही दुरुस्ती काही यंत्रांत इंजिन स्वतः करते. काहींत इंजिन आकडे कंट्रोलरला कळवते आणि कंट्रोलर ठिपके सोडण्याची वेळ बदलतो. रंग तिरपा येत असेल तर कंट्रोलर ओळीचे तुकडे करून ते पायरीपायरीने वरखाली सरकवतो.

रंगाच्या गडदपणाचेही असेच दोन हिस्से असतात. कॅननच्या इंजिनांत पूर्ण गडद रंगाची दुरुस्ती इंजिन करते, ड्रमचा भार आणि ड्रमवर टोनर चढवणाऱ्या डेव्हलपिंग रोलरचे व्होल्टेज बदलून. मधल्या छटांची जबाबदारी कंट्रोलरची. इंजिन छटांच्या चौकोनांची मापे पाठवते आणि कंट्रोलर त्यावरून आपला तक्ता नव्याने बांधतो. कोकणातल्या पावसात टोनरवरचा विद्युतभार बदलतो आणि रंग हलतात, तेव्हा ही मोजून दुरुस्त करण्याची रीत, म्हणजे कॅलिब्रेशन, कामी येते.

तुम्ही करायचे ते असे. प्रिंटर अर्धा तास चालू ठेवा. मेनूमध्ये ‘फुल कॅलिब्रेशन’ असेल तर तेच घ्या, झटपटवाले नको. तरी फरक नसेल किंवा कॅलिब्रेशन ‘५४’च्या कोडने अडत असेल, तर बेल्टजवळचा सेन्सर टोनरच्या धुळीने माखला असण्याची शक्यता मोठी. प्रिंटर बंद करून मऊ, कोरड्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने तो हलकेच पुसा. बेल्टच्या पृष्ठभागाला बोट लावू नका. त्यावरचा तेलकट ठसा पुढच्या प्रत्येक पानावर उतरतो.

प्रश्न : पॅनेलवर ‘५५’ने सुरू होणारा कोड येतो, बंद-चालू केल्यावर तासभर चालतो आणि पुन्हा तेच. बोर्ड बदलण्याआधी आम्ही स्वतः काय तपासावे?
– यंत्रमाग कारखान्याचे कार्यालय, भिवंडी

उत्तर : एचपीच्या भाषेत ५५ म्हणजे इंजिन बोर्ड किंवा त्याच्याशी चालणारा संपर्क बिघडला. कोणाचा दोष, हे त्या आकड्यात नसते. ते क्रमाने शोधावे लागते.

पूर्ण कोड लिहून घ्या, टिंबानंतरच्या आकड्यांसह. यूएसबी आणि नेटवर्कच्या केबल काढा, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा आणि पॅनेलवरूनच कॉन्फिगरेशन पान छापा. हे पान कंट्रोलर स्वतः तयार करतो, म्हणून ते स्वच्छ निघाले तर दोन्ही बोर्ड आणि त्यांच्यातली वाट, तिन्ही त्या घडीला ठीक आहेत. मग दोष संगणक, ड्रायव्हर किंवा नेटवर्कमध्ये शोधा.

पान निघाले नाही तर इंजिन टेस्ट घ्या. कॅननचे इंजिन असलेल्या बऱ्याच लेझरजेटांच्या बाजूला किंवा मागे एका छिद्रात एक छोटे बटण असते. ते पेनच्या टोकाने दाबले की इंजिन कंट्रोलरला न विचारता स्वतःच्या रेघांचे पान काढते. जागा मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. हे पान निघाले तर मोटारी, लेझर, फ्युजर आणि कागदाची वाट ठीक आहे, दोष कंट्रोलरमध्ये किंवा मधल्या जोडणीत. निघाले नाही तर इंजिनाच्या बाजूला वळा. ही एक चाचणी दोन दुरुस्तीवाल्यांचे भांडण मिटवते, तरी ती न करता बोर्ड मागवले जातात याचे फार वाईट वाटते.

तासभर चालून बंद पडणे हे गरम झाल्यावर सैल होणाऱ्या जोडणीचे लक्षण असते. भिंतीतल्या सॉकेटमधून प्लग काढा आणि किमान दहा मिनिटे जाऊ द्या. हाताला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा. फ्लॅट केबलच्या कनेक्टरवर खटका असेल तर तो आधी उचला. केबल दोन्ही कडांना धरून सरळ ओढा, तिरपी ओढली की टोकाचे तांबे सोलते. टोके भिंगाखाली बघा. काळपट असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. बसवताना केबलची रंगीत पट्टी पूर्वी ज्या बाजूला होती त्याच बाजूला ठेवा. शेवटपर्यंत सरळ बसली की मगच खटका दाबा. अर्धा मिलिमीटर तिरपी बसलेली केबल थंड असताना चालते आणि तापल्यावर दगा देते. सोबत उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि बोर्डावर मेलेली झुरळेही शोधा. आपल्याकडच्या गोदामात आणि कार्यालयात हे कारण किरकोळ नाही.

मग वीज तपासा. कंट्रोलरला सहसा ३.३ किंवा ५ व्होल्ट मिळतात, मोटारींना २४. दार उघडले की २४ व्होल्टची वाट तुटते, म्हणून दाराचा स्विच झिजला असेल तर इंजिन मध्येच गळाठते. हे माप जाणकाराकडूनच घ्या आणि दाराचा स्विच दाबून ठेवून उघड्या यंत्राशी खेळू नका. आतला लेझर डोळ्याला न दिसणारा आहे, दृष्टिपटलाला इजा करू शकतो. प्रिंटर छोट्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर असेल तर तो काढून थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून दिवसभर बघा. फ्युजर तापू लागतो तेव्हा शेकडो वॅट एकदम खेचतो. व्होल्टेज क्षणभर खाली जाते, इंजिन बोर्ड नव्याने सुरू होतो आणि कंट्रोलरला वाटते की समोरचा बोलायचा थांबला.

हे सगळे करूनही बोर्ड बदलायची वेळ आली, तर दोन्ही एकदम बदलू नका. अनुक्रमांक, पानांची मोजणी आणि कॅलिब्रेशनचे आकडे बोर्डांवरच्या कायम मेमरीत असतात. बऱ्याच कलर मॉडेलांत नवा बोर्ड ते जुन्या बोर्डाकडून घेतो. एक बदला, प्रिंटर चालू करून ‘रेडी’ येऊ द्या, मग गरज असेल तरच दुसरा.

प्रश्न : ‘४९’चा कोड येतो तोही असाच शोधायचा का?
– महाविद्यालयीन कार्यालय, परभणी

उत्तर : नाही, हा कोड कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरचा असतो आणि पुष्कळदा एखादी बिघडलेली फाइल त्याला कारण होते. नेटवर्कची केबल काढून प्रिंटर चालू करा. ‘रेडी’ आले आणि टिकले तर बोर्ड चांगला आहे. सगळ्या संगणकांवरची रांग रिकामी करा, मग केबल जोडा. अडकलेली फाइल रांगेत राहिली तर प्रिंटर कितीही वेळा चालू केला तरी ती पुन्हा येऊन त्याला पाडते. फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. केबल काढूनही ४९ येत राहिला तर जास्तीची मेमरी काढून बघा.

प्रश्न : २५० जीएसएमच्या कार्डावर छापलेल्या लग्नपत्रिकेचा टोनर नखाने निघतो. साध्या कागदावर तसे होत नाही. फ्युजर बदलायचा का?
– मुद्रण व्यवसाय, जालना

उत्तर : आधी ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार काय निवडला आहे ते बघा. तिथे ‘प्लेन’ असेल तर फ्युजरचा काही गुन्हा नाही. ट्रेमध्ये जाड कार्ड आहे हे बहुतेक इंजिनांना आपोआप कळत नाही. कागद जाड आहे हे कंट्रोलर सांगतो आणि कंट्रोलरला ते तुम्ही सांगायचे असते.

‘हेवी’ किंवा ‘कार्डस्टॉक’ निवडल्यावर इंजिन वेग निम्म्यावर आणते. फ्युजरच्या दोन रोलरांची दाबपट्टी ७ मिलिमीटर रुंद धरली, तर ११५ च्या वेगाने कार्डाला ६१ मिलिसेकंद उष्णता मिळते, निम्म्या वेगाने १२२. जाड कार्ड तापायला तेवढा वेळ लागतोच. गंमत अशी की काही इंजिनांत या वेळी पॉलिगॉन आरशाचा वेग तोच राहतो. दर दुसरा बीम डिटेक्ट वाया जाऊ देतात, त्यामुळे ओळी निम्म्या वेगाने पडतात आणि ठिपक्यांचे घड्याळ बदलावे लागत नाही.

वेग बदलायला बेल्टवरची सगळी पाने आधी बाहेर जावी लागतात. म्हणून एकाच कामात साधा आणि जाड कागद आलटूनपालटून ठेवला की प्रत्येक बदलाला यंत्र थांबते. पत्रिकांची कार्डे एका दमात छापा आणि आतली पाने वेगळी. छापण्याआधी तुमच्या यंत्राची कमाल जाडी मॅन्युअलमध्ये बघाच. कित्येक ऑफिस प्रिंटर २५० जीएसएम घेतच नाहीत, आणि घेतले तरी मागच्या सरळ वाटेनेच काढावे लागते.

प्रश्न : जुना लेझरजेट १०२० लिनक्सवर वीज गेली की मुका होतो. आणि स्वस्त कलर लेझरही असेच असतात का?
– शिक्षक, चंद्रपूर

उत्तर : १०२० मध्ये कंट्रोलर आहे, पण त्याचे फर्मवेअर कायमचे साठवलेले नाही. दर वेळी चालू झाल्यावर संगणकाने ते यूएसबीवरून पाठवायचे असते. विंडोजचा ड्रायव्हर ते गुपचूप करतो. लिनक्सवर एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हरसंचाचा प्लगइन बसवा, म्हणजे तेही होईल. वीज आल्यावर अडला तर यूएसबी काढून पुन्हा लावा.

स्वस्त कलर यंत्रांत पानाची उलगड संगणकच करतो. कलर लेझरजेट २६००एन घ्या. त्यात १६ एमबी मेमरी आणि चार रंगांचे पान १७.४ एमबीचे. म्हणून ड्रायव्हर चारही थर जेबिग पद्धतीने दाबून पाठवतो आणि कंट्रोलर ते इंजिनाच्या लयीत उलगडत जातो. लिनक्सवर त्यासाठी फू-टू-एचपी नावाचा ड्रायव्हर आहे.

प्रश्न : नेटवर्कवरून टोनरची पातळी बघतो तेव्हा एका प्रिंटरचा आकडा उणे ३ येतो. यंत्र बिघडले का?
– आयटी विभाग, सहकारी पतसंस्था, नगर

उत्तर : बिघडलेले नाही. एसएनएमपी या नेटवर्कवरून यंत्रांची स्थिती विचारण्याच्या पद्धतीत प्रिंटरसाठी एक ठरलेली यादी असते, प्रिंटर एमआयबी. तिच्या नियमात उणे ३ म्हणजे ‘थोडा शिल्लक आहे, नेमका किती ते मोजता येत नाही’ आणि उणे २ म्हणजे ‘माहीत नाही’. तुमच्या निरीक्षण सॉफ्टवेअरने हे आकडे टक्के समजून धोक्याची सूचना पाठवू नये, एवढे त्यात बदला.

टक्का येतो कुठून, तेही जाणून घ्या. इंजिन कार्ट्रिजवरची चिप वाचते आणि काही यंत्रांत टोनरचा सेन्सरही. कंट्रोलर प्रत्येक रंगाचे छापलेले ठिपके मोजतो. त्यावरून काढलेला तो अंदाज असतो. कॅलिब्रेशनच्या खुणांचा आणि जॅमनंतर बेल्टवरून पुसलेल्या चित्रांचा टोनरही खर्चातच जातो, म्हणून कमी छापूनही पिवळा लवकर संपल्यासारखा दिसू शकतो. पतसंस्थेत पासबुकाच्या दिवशी अडायचे नसेल, तर १० टक्क्यांवर नवे कार्ट्रिज मागवून ठेवा, पण छपाई फिकी दिसेपर्यंत जुने काढू नका.